मंजुळाबाईंची शंभर मीटर शर्यत

मित्रांनो, मी एक जुना शर्यतींचा व्हिडिओ गेम आहे. फोनमध्ये मावणारा नव्हे हं! मी चांगला कपाटाएवढा उंच आहे. माझ्या छातीवर काचेचा पडदा आहे, कमरेशी बटणांची फळी आहे आणि पोटात एक धावपटू राहतो. पांढरी बंडी, लाल चड्डी आणि पिळदार मिशा असा त्याचा थाट! तो शंभर मीटर पळतो, अडथळ्यांवरून उड्या मारतो, भाला फेकतो. पण आपल्या मनाने तो तसूभरही हलत नाही. बाहेरच्या माणसाने डावे बटण, उजवे बटण, पुन्हा डावे, पुन्हा उजवे असे भराभर दाबले, तरच त्याचे पाय उचलतात. तिसरे बटण उडीचे. शर्यत ठरलेल्या वेळेत संपवावी लागते; वेळ संपली की शिट्टी वाजते. दोघांना शर्यत लावायची असेल तर फळीच्या दुसऱ्या बाजूला असाच आणखी एक संच आहे. तेव्हा पडद्यावर दुसरा गडीही येतो, निळ्या चड्डीतला.

माझा जन्म भोसरीतल्या एका शेडमध्ये झाला. सुताराने प्लायवूड कापून माझा सांगाडा उभा केला. मेंदू मात्र परदेशातून खोक्यात बसून आला होता. रंगाऱ्याने माझ्या दोन्ही कुशींवर पळणारी माणसे रंगवली. संध्याकाळ झाली होती, त्याला घरी जायची घाई होती. त्या घाईत एका माणसाला दोन्ही पाय डावेच काढले गेले. ते आजही तसेच आहेत.

तिथून मी चिंचवडच्या एका मॉलमध्ये गेलो. काय ते दिवस होते! आपल्या चिंचवड-भोसरीकडे कारखान्यांना गुरुवारची सुट्टी असते. गुरुवार उजाडला की कंपनीतली माणसे बायकामुलांना घेऊन मॉलमध्ये येत. पोरे माझ्यापुढे रांग लावत, आणि थोड्याच वेळात त्यांचे बापच त्यांना बाजूला सारून म्हणत, "थांब रे, तुला दाखवतो कसं खेळायचं." मग शर्टाच्या बाह्या वर जात. घामाघूम होऊन ते माझी बटणे बडवत, आणि आई मागून ओरडे, "अहो, पोराला द्या की आता!"

असाच एकदा निरंजन नावाचा तरुण आला. लग्न ठरलेल्या मुलीला तो पहिल्यांदाच फिरायला घेऊन आला होता. तिचे नाव दीपमाला, तळेगाव दाभाड्याची. पहिल्या भेटीत तिला आपण जिंकू द्यायचे, असे त्याने मनाशी ठरवले होते. पण ती वेळच आली नाही. दीपमालाने पर्स खांद्यावरून खाली ठेवली, बांगड्या कोपरापर्यंत सरकवल्या आणि त्याला खरोखरच हरवले. तो भाला कुठे पडला हे शोधत होता, तोवर तिचा भाला मैदानाबाहेर गेला होता. दोघेही हसून हसून बेजार झाले.

पुढे घरोघर मोबाइल आले. पोरे माझ्यापुढून जात, पण माना खाली आणि डोळे हातातल्या फोनमध्ये. माझा पडदा धुळीने माखला. एक दिवस मॉलमधले खेळांचे पार्लर बंद झाले. सामान हलवायला टेम्पो बोलावला, आणि टेम्पोतून कोण उतरावे? निरंजन! आता तो स्वतःच्या टेम्पोचा मालक होता आणि दोन लेकरांचा बाप. पार्लरचे मालक म्हणाले, "हा एक भंगारात टाक, कोणी घेत नाही." निरंजनने माझ्याकडे पाहिले आणि त्याच्या ओठांवर हसू आले. भंगाराच्या वाटेवरून त्याने टेम्पो परस्पर महाळुंग्याकडे वळवला.

महाळुंग्याला त्याची आई मंजुळाबाई खानावळ चालवत. घराभोवती पूर्वी शेते होती, आता चारी बाजूंनी कारखाने. त्या कारखान्यांत कामाला आलेली परभणी, लातूर, नांदेडकडची पोरे मंजुळाबाईंच्या हातची भाकरी खायला येत. त्या बाई अंगाने किडकिडीत, पण आवाज असा की पत्र्यावरचे कबुतर उडावे. मला पाहताच त्या कडाडल्या, "निरंजन, ह्ये कसलं कपाट आनलंस? ह्याला दार कुठंय?"

"आई, हा गेम आहे."

"गेम का काय त्यो तुजा तू खेळ. माज्या वाटंत ठिवू नगंस."

पण वाटेतच ठेवले गेलो. खानावळीच्या कोपऱ्यात माझी स्थापना झाली. दोन दिवसांत माझ्या डोक्यावर लोणच्याची बरणी आली, पाठीला कोथिंबिरीची पिशवी लटकली. जेवण झाले की पोरे मला खेळत आणि मंजुळाबाई आतून ओरडत, "आरं, हळू बडवा! त्ये काय धपाट्यांचं पीठ हाय व्हय?" मला ते ओरडणे आवडायचे. धूळ खात पडण्यापेक्षा शिव्या खाणे केव्हाही बरे, मित्रांनो.

आणि मग एका सकाळी मंजुळाबाई भाकरी थापता थापता खाली बसल्या, त्या उठल्याच नाहीत. अर्धांगाचा झटका आला होता. दवाखान्यातून परत आल्या तेव्हा पायात काठीने चालण्याइतके बळ होते, वाचाही शाबूत होती, पण उजवा हात नुसता लोंबत होता. त्या तो पदराखाली लपवून ठेवत.

हाताचे व्यायाम शिकवायला पूनम नावाची फिजिओथेरपिस्ट येऊ लागली. संत तुकाराम नगरची ही मुलगी स्कूटीवरून एवढ्या लांब येई. ती गोड बोलून मंजुळाबाईंच्या हातात रबरी चेंडू देई. "आजी, दाबा बरं हळूहळू."

मंजुळाबाई चेंडू डाव्या हाताने भिंतीवर फेकत. "मी काय पाळन्यातलं लेकरू हाय? ग्येलेला हात ग्येला. मला उगा खेळवू नगा."

मग दिवसभर त्या आतल्या अंधाऱ्या खोलीत पडून राहत. ना ओरडणे, ना रागावणे. खानावळ दीपमालाने सांभाळली. पोरे मुकाट्याने जेवत आणि ताट उचलून निघून जात. मला तर वाटे, या घराचा आवाजच कोणीतरी काढून नेला.

निरंजनने ठरवले, आईची खाट खानावळीतच आणून टाकायची. चार माणसे दिसतील, वारा लागेल. भिंतीला धरून चालायला एक लोखंडी दांडीही बसवायची. पण त्यासाठी कोपरा रिकामा हवा होता, आणि कोपऱ्यात मी होतो. खाट तर आली, माझ्याशेजारी दाटीवाटीने लागली. मला न्यायला शुक्रवारी भंगारवाला येणार, असे ठरले. निरंजन माझ्या अंगावरून हात फिरवत पुटपुटला, "काय करू? आईपेक्षा तू मोठा नाहीस." त्याचे चुकले असे मी कसे म्हणू?

आदल्या दिवशी गुरुवार होता. कारखान्यांना सुट्टी, म्हणून सगळी पोरे खानावळीतच होती. निरोपाचा म्हणून प्रत्येकाने एकेक डाव टाकला. शेवटी दीपमाला पिठाचे हात पुसत पुढे आली.

"उद्या जातोयच, तर मीपण एक डाव टाकते."

"मी नाही बाबा तुझ्याशी खेळणार," निरंजन म्हणाला, "मागचं अजून विसरलो नाही."

पोरे हसली. दीपमालाने अडथळ्यांची शर्यत लावली. काय तिचे हात चालत होते! माझा गडी वाऱ्यासारखा सुटला. पण बऱ्याच वर्षांत सवय राहिली नव्हती. एका अडथळ्याला उडीचे बटण चुकले आणि गडी मिशांसकट तोंडावर आपटला.

"आगं, उचल की त्याचा पाय! पाडलास ना गड्याला!"

सगळे गर्रकन वळले. भिंतीकडे तोंड करून पडलेल्या मंजुळाबाई कुशीवर वळल्या होत्या. कितीतरी आठवड्यांनी तो आवाज खानावळीत घुमला होता.

दीपमाला हुशार. ती लगेच म्हणाली, "आत्या, मला नाही जमत. तुम्हीच पळवा की."

"व्हय, मी पळवीन! सरक बाजूला."

रणजीत नावाचा परभणीकडचा पोरगा एका कंपनीत मशीन दुरुस्तीच्या खात्यात होता. त्याने पटकन स्टूल आणले. दीपमालाने शंभर मीटरची साधी शर्यत लावली. मंजुळाबाई काठी टेकत आल्या, बसल्या आणि डाव्या हाताने बटण दाबू लागल्या. एकच बटण, तेच ते, पुन्हा पुन्हा. माझा गडी जागच्या जागी थरथरला, पण पुढे काही जाईना.

"का पळंना ह्यो? बिघडलाय का?"

दीपमाला हळूच म्हणाली, "आत्या, एका हातानं नाही पळत तो. एकदा डावं, एकदा उजवं दाबावं लागतं."

मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. माझी घडणच तशी, त्याला मी काय करणार?

मंजुळाबाईंनी पदराखालून उजवा हात डाव्या हाताने उचलून बाहेर काढला आणि कणकेचा गोळा परातीत टाकावा तसा माझ्या फळीवर ठेवला. डावे बटण दाबले. मग ओठ आवळून, खांद्यापासून सारा जोर लावून उजव्या हाताचा भार बटणावर टाकला.

माझ्या गड्याने एक पाऊल टाकले.

"चालला!" रणजीत ओरडला.

पुन्हा डावे. बऱ्याच वेळाने उजवे. आणखी एक पाऊल. मंजुळाबाईंच्या कपाळावर घाम आला. एवढ्यात वेळ संपली, शिट्टी वाजली आणि नियमाप्रमाणे माझ्या गड्याने मान खाली घातली.

"ही कसली रीत?" मंजुळाबाई माझ्यावरच खवळल्या. "येवढ्यात येळ संपली? आत्ता कुठं निगाला व्हता त्यो! लाव पुन्यांदा!"

दुसऱ्या दिवशी ठरल्याप्रमाणे भंगारवाला आला. मंजुळाबाई माझ्यापुढे स्टुलावर ठाण मांडून बसल्या होत्या.

"ह्याला न्यायचं असंल तर मला बी तराजूत घाल."

"मावशी, मला तर फोन करून बोलावलंय..."

"ज्यानं बोलावलं त्याला घेऊन जा. त्यो तिकडं उभाय बघ."

निरंजन दाराआड उभा राहून हसत होता. भंगारवाल्याने चहा घेतला, जाताना एक डाव माझ्यावर खेळला, आणि जुना फुटका कूलर घेऊन गेला. खाट खिडकीखाली सरकली, दांडी दुसऱ्या भिंतीला बसली. जागा करायचीच म्हटली की होते, मित्रांनो.

त्याच दिवशी पूनम आली. तिला वाटले होते, आजी आज पुन्हा चेंडू फेकणार. ती दारातच थबकली. मंजुळाबाई माझ्यापुढे बसून उजव्या हाताशी भांडत होत्या. पूनमच्या चेहऱ्यावर असा आनंद फुलला की काय सांगू! पण ती कामात पक्की होती. तिने कोपराखाली उशी दिली आणि सांगितले, "आजी, सगळा भार खांद्यावरून टाकायचा नाही, मनगटातून उचलायचं. थकलं की थांबायचं. आणि हे खेळणं एकीकडे, चेंडू एकीकडे. दोन्ही करायचं, कबूल?"

"कबूल," मंजुळाबाई म्हणाल्या, "पर ह्यो गडी शर्यतीच्या टोकाला ग्येला पायजे. मग तुजा चेंडू काय, नारळ बी दाबीन."

तेव्हापासून माझी दुसरी नोकरी सुरू झाली. रोज सकाळ-संध्याकाळ मंजुळाबाई आणि मी. सोपे नव्हते ते. कधी हात हले, कधी अजिबात ऐकत नसे. एकदा त्या चिडून म्हणाल्या, "बास झालं, उद्यापास्नं न्हाई," आणि दोन दिवस फिरकल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी आल्या, मला पदराने पुसले आणि काहीच घडले नाही अशा थाटात बसल्या. त्यांची पकड सुधारत गेली तसा माझ्यावरचा मारही वाढला. अखेर माझे उजवे बटण खिळखिळे होऊन गळून पडले.

मंजुळाबाईंचा चेहरा पडला. रणजीत म्हणाला, "मावशी, टेन्शन नका घेऊ." त्याच्या कंपनीत एक जुने पॅनेल मोडीत निघाले होते. साहेबांना विचारून तो त्यावरचे मोठे, हिरवे, पुरीसारखे टपोरे बटण घेऊन आला आणि त्याने ते माझ्या फळीत घट्ट बसवले. यंत्र चालू करायचे बटण ते! कापणाऱ्या बोटांना ते सहज सापडू लागले. मला माझ्या रूपाची जरा लाज वाटली खरी, पण तेवढीच ऐटही वाटली.

आता ऐका गंमत. मंजुळाबाईंच्या थोरल्या जाऊबाई गिरजाबाई शेजारच्याच आळीत राहत. दोघी सुना म्हणून एकाच घरात आल्या, तेव्हापासून त्यांच्यात चढाओढ. कोणाचे लोणचे बरे, कोणाच्या पापडाला जास्त फोड, कोणाच्या म्हशीला दूध जास्त. आजारपणात गिरजाबाई वरचेवर समाचाराला येत आणि उसासे टाकत. एका गुरुवारी अशाच आल्या. खानावळ भरलेली होती, पूनमही बसलेली होती. गिरजाबाई खाटेवर टेकल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाल्या, "असू दे गं मंजुळे. देवानं येक हात तरी ठिवलाय, त्यात समाधान मानायचं."

मंजुळाबाईंचे डोळे लकाकले. "आक्का, शर्यत लावतीस का?"

"आँ? पळायची? ह्या वयात? कुठं?"

"हितंच. बसल्या बसल्या."

खानावळीत एकच गिल्ला झाला. दुसरे स्टूल आले. दीपमालाने गिरजाबाईंना बटणे समजावली, चार पावले पळवून दाखवली. लाल गडी मंजुळाबाईंचा, निळा गिरजाबाईंचा. पोरे ताटे हातात घेऊनच भोवती उभी राहिली. पडद्यावर बंदुकीचा बार झाला.

गिरजाबाईंचे दोन्ही हात धडधाकट. दोन-चारदा गोंधळल्या, मग त्यांना सूर सापडला आणि निळा गडी तुरुतुरु पळत सुटला. मध्येच त्या लाल गड्याकडे बघायला वळल्या, बोट भलत्याच बटणावर पडले आणि त्यांचा गडी मोकळ्या मैदानात उंच उडी मारून खाली आला. पोरे खो खो हसली. गिरजाबाईसुद्धा हसता हसता पुढे निघाल्या.

मंजुळाबाईंनी हे काही पाहिले नाही. त्यांची नजर पडद्यावरून हलली नाही. "डावं... उजवं... डावं... उजवं..." त्या जात्यावर दळल्यासारख्या एका लयीत पुटपुटत होत्या. हिरवे बटण खाली जाई, वर येई, पुन्हा खाली जाई. लाल गडी रखडत होता, पण थांबत नव्हता.

निळा गडी रेषा ओलांडून गेला. गिरजाबाई जिंकल्या. निरंजनने आईच्या खांद्यावर हात ठेवला, "असू दे आई, पुढच्या वेळी..."

"हात काढ! माजी येळ संपल्याली न्हाई!"

खरेच होते. जिंकणे-हरणे वेगळे आणि ठरलेल्या वेळेत पोचणे वेगळे. माझे घड्याळ अजून चालू होते. आणि तेवढ्यात, मित्रांनो, मी कधी विसरणार नाही असे घडले. जिंकलेल्या गिरजाबाई स्टुलावरून उठल्या, मंजुळाबाईंच्या कानाशी वाकल्या आणि घसा फाडून ओरडू लागल्या, "थांबू नगंस मंजुळे! थोडंच ऱ्हायलंय! हाण! हाण त्या हिरव्याला!"

"मावशी! मावशी!" पोरांनी ताटे वाजवायला सुरुवात केली. पूनमने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतले होते. डावे. उजवे. डावे. उजवे. माझ्या जुन्या पोटात तारा तापल्या, पण मी मनात म्हटले, आज फुटलो तरी चालेल, विझायचे नाही.

लाल गड्याने रेषा ओलांडली. शिट्टी वाजायची बाकी होती.

वेळेत पोचले की माझा गडी दोन्ही हात वर करून नाचतो. तो नाचू लागला. त्याला पाहून मंजुळाबाईही स्टुलावर बसल्या बसल्या हात उंचावून ओरडल्या, "ग्येला! ग्येला रं माजा वाघ!"

"आत्या!" दीपमाला किंचाळली. "आत्या, हात!"

"काय झालं हाताला?"

"वर गेलाय!"

मंजुळाबाईंनी मान वळवून पाहिले. डावा हात तर वर होताच, पण उजवाही कानापर्यंत आला होता, पाचही बोटे उघडून, थरथरत. त्या त्याच्याकडे अशा बघत राहिल्या, जणू गावी गेलेले माणूस न सांगता दारात उभे राहिले आहे. मग तो हात हळूहळू खाली आला आणि शेजारी उभ्या असलेल्या गिरजाबाईंच्या हातात विसावला. दोघी जावा एकमेकींना धरून कितीतरी वेळ रडत आणि हसत होत्या. दीपमालाने लगोलग शिऱ्यासाठी रवा भाजायला घेतला.

आज तो हात पूर्वीसारखा झाला आहे का? सगळा नाही. पण मंजुळाबाई आता स्वतःची वेणी घालतात, चहाची कपबशी धरतात आणि पूनमचा चेंडूही कुरकुर न करता दाबतात. भाकरीही थापतात. ती एका बाजूला जरा जाड होते. ती जाड बाजू कोणाला मिळणार, यावरून पोरांची रोज भांडणे होतात. गिरजाबाई दर गुरुवारी शर्यतीला येतात आणि हरल्या की माझ्यावर खापर फोडतात.

परवा पूनमने गणराज नावाच्या एका मुलाला पाठवले. कामावरून परतताना गाडी घसरून त्याचे मनगट मोडले होते. प्लॅस्टर निघाले, पण बोटे आखडलेली. तो दारात अंग चोरून उभा होता. मंजुळाबाईंनी त्याला आपल्या स्टुलावर बसवले.

"लाजतोस कशाला? आदी च्या घे. मग ह्याच्यावर हात ठिव. घाई कुनाला हाय?"

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. एखादी वस्तू जुनी झाली म्हणून लगेच दाराबाहेर काढू नका. एखादे बटण बदला, जरा पुसा, एखादी तार जोडून पाहा. कोणाच्या कामी ती कधी येईल, हे तिलाही ठाऊक नसते. आणि तुमच्या घरात कोणाचा हात किंवा पाय अडला असेल, तर त्याला दया दाखवत बसू नका. शर्यत लावा. तो हरला तरी त्याच्या कानाशी वाकून जोरात ओरडा.

आता मला रजा द्या. गणराजचा चहा संपला आहे, मंजुळाबाईंनी त्याच्या बाह्या वर सारल्या आहेत, आणि बार व्हायची वेळ झाली आहे.